ऋत्विकचा आवाज

संध्याने वालाच्या बिरड्यावरचं झाकण तिसऱ्यांदा काढून पाहिलं. बिरडं केव्हाच झालं होतं. पेणहून स्वप्नाली निघाली होती. रोह्याला एसटीतून उतरायचं, रिक्षाने पूल ओलांडला की संध्याचं गाव, अष्टमी. वर्षभर जिच्याशी रोज फोनवर बोलली ती मैत्रीण पहिल्यांदा घरी येत होती, आणि ही बया देवाला विनवत होती, गाडी नागोठण्याला बंद पडू दे.

भीती कशाची, ते आधी सांगायला हवं. ऋत्विकला तीन वर्षं पुरी झाली तरी तो एक शब्द बोलत नव्हता. नुसता दिवसभर गुणगुणायचा. सासूबाई म्हणायच्या, ह्याचा बाप दिनेशही उशिराच बोलला, काही होत नाही. दिनेश धाटावच्या कंपनीत शिफ्टला. घरी आला की पोराला खांद्यावर घ्यायचा आणि हा विषय निघाला की आंघोळीला जायचा. शेवटी संध्यानेही तोंड मिटलं.

लसीकरणाच्या दिवशी कुणीतरी तिला मोबाईलवर आयांच्या ग्रुपात घातलं होतं. दात कधी येतात, खिमटात काय घालावं, खोकल्याला काय द्यावं, दिवसभर तेच. वर्षापूर्वी एकदा सगळ्यांना हुक्की आली, पोरांचे आवाज टाकायचे. कुणाचं पोर गाणं म्हणतंय, कुणाचं आजीला दटावतंय. संध्याला काय अवदसा आठवली कोण जाणे. शेजारच्या शांतीवहिनींची पिंकी अंगणात होती. ऋत्विकला कडेवर घेऊनच तिने पिंकीला दहापर्यंत आकडे म्हणायला लावले, रेकॉर्ड केले, आणि 'आमचा ऋत्विक' म्हणून टाकून दिले. एवढ्याशा पोराच्या आवाजात मुलगा की मुलगी, कोण ओळखतंय?

पहिलं उत्तर आलं ते स्वप्नालीचं. ती पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायची, हात रंगात असले की फोन खांद्याने कानाशी धरून बोलायची. तिची मालू ऋत्विकच्याच वयाची. ती झाली तेव्हा आपल्याला पोरीला जवळ घ्यावंसंही वाटायचं नाही, हे स्वप्नालीने आईलाही सांगितलं नव्हतं, ते संध्याला सांगितलं. माहेरी निडीला संध्याची आई गेली तेव्हा स्वप्नालीने तासभर फोन धरून हिचं रडणं नुसतं ऐकून घेतलं. सख्खी बहीण असती तर याहून वेगळं काय करणार होती? आणि अशा बाईला आपण पहिल्याच दिवशी खोटं सांगितलं, या विचाराने संध्याला घास जाईनासा व्हायचा. रोज वाटायचं, आज ही म्हणेल, दे गो पोराला फोन. ती कधीच म्हणाली नाही. संध्याला ते आपलं नशीबच वाटलं.

आता मात्र सुटका नव्हती. सकाळी तिने ऋत्विकच्या गळ्याला हळद फासली आणि भर उन्हात मफलर गुंडाळला. घसा बसलाय, डॉक्टरांनी आठ दिवस बोलू नको म्हणून सांगितलंय, एवढं तिने घोकून ठेवलं. पोर घामाने निथळत होतं आणि गुणगुणत होतं.

रिक्षा थांबली. स्वप्नाली फोटोतल्यापेक्षा बारीक निघाली, नखांच्या कडेला गुलाबी रंग तसाच. पाणीही न घेता ती खाली बसली. संध्याने घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. स्वप्नालीने ते ऐकून घेतलं, ऋत्विकला जवळ ओढलं, मफलर सोडला आणि पदराने त्याची हळद पुसली.

"संध्या गो, ह्याचा घसा बसलेला नाय."

मग तिने सांगितलं. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये तिला दोन पोरं ऐकू आली होती. एक आकडे म्हणणारं, आणि दुसरं फोनच्या अगदी जवळ, गुणगुणणारं. पुढे रोजच्या फोनवर ते गुणगुणणारंच असायचं, आकडेवालं एकदाही नाही. पंधरा दिवसांत तिला काय ते कळलं होतं.

"मग बोलली का नायस?"

"तू फोन बंद करशील म्हणून. मला तरी दुसरं कोण हाय?"

संध्याच्या डोळ्यांना धार लागली. एवढ्या महिन्यांचं ओझं उतरलं, असं तिला क्षणभर वाटलं. पण स्वप्नालीचा चेहरा उतरलेलाच होता.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुझ्या हातून परात पडली. हा तुझ्या कडेवर होता. तिकडे पेणला माझे कान बधिर झाले. पण ह्याचं गुणगुणणं थांबलं नाय, संध्या. जरा पण नाय."

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आले, असंही ती म्हणाली.

संध्या भडकली. बापाची मोटारसायकल आली की दाराकडे धावतो तो, ऐकू येत नाही म्हणे. बोलता बोलता तिची नजर खिडकीकडे गेली. त्या खिडकीतून वळणावरची गाडी दिसायची, आणि ऋत्विक संध्याकाळी तिथेच उभा असायचा.

ती उठली, फळीवरून परात काढली, पळी घेतली. ऋत्विक उंबऱ्यावर बसून मफलरशी खेळत होता. ती त्याच्या मागे उभी राहिली. हात वर होईना. एकदा वाजवलं की माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरणार नव्हती.

संध्याने तीनदा वाजवली. पत्र्यावरचे कावळे उडाले. शेजारून पिंकी कानांवर हात ठेवून धावत आली आणि विचारू लागली, काकी, काय झालं? ऋत्विकने मागे वळून पाहिलं नाही; समोरून पिंकी येताना दिसली तेव्हा तो हसला, गुणगुणणं चालूच होतं.

स्वप्नालीने तिच्या हातातली परात काढून खाली ठेवली. सोमवारसाठी पेणला कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून आलेय, ती म्हणाली, मी बरोबर असेन. संध्याला ते नीट ऐकूही आलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, दिनेशला कसं सांगायचं. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. तो चारनंतर येणार होता.

स्वप्नालीची परतीची गाडी तीनची होती. तिने ती सोडली.