वर्षाला एकच प्रदर्शन

नाणी जमवणाऱ्या माणसाला बायको वर्षाला एकच प्रदर्शन मंजूर करते. हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण सुरतेच्या भेस्तानमधल्या आमच्या दोन खोल्यांत तो लागू आहे. मी पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये डाईंग मास्तर, म्हणजे कापडाला रंग देणाऱ्या खात्याचा प्रमुख. दिवाळी सोडून दोन दिवसांची रजा मागितली की शेठ आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतो. मग म्हणतो, "नाणी बघायला? मास्तर, मी पगारात देतो ते काय पत्रे असतात का?"

त्यामुळे प्रदर्शन निवडावं लागतं पारखून. मोबाइलवर निमंत्रण आलं की मी आधी प्रमुख पाहुण्याचा फोटो बघतो. तो नाण्याच्या फोटोपेक्षा मोठा असला, तर तिथे भाषणं ऐकावी लागणार, बाद. नाणी प्लास्टिकच्या डबीत सीलबंद असतील तर तेही बाद, लांबूनच बघायची तर मोबाइल आहेच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टेबलं कोण मांडणार हे विचारून घ्यायचं. एकदा न विचारता पुण्याला गेलो, दिवसभर फिरलो, आणि शेवटी ज्याच्याकडून नाणं घेतलं तो सुरतेच्या चौक बाजारात बसणारा निघाला. "घरी आला असतात तर चहा तरी मिळाला असता," तो म्हणाला. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

यंदा एकाच शनिवार-रविवारी दोन प्रदर्शनं आली. एक मुंबईला, एक धुळ्याला. माझ्याकडे एक शिवराई आहे, तिच्यावरची अक्षरं मला नीट लागत नाहीत, आणि ती वाचू शकेल असा जाणकार मुंबईला येणार होता. धुळ्याचं प्रदर्शन एका मंगल कार्यालयात, दोन लग्नांच्या मधल्या रिकाम्या तारखांना. विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

"मुंबई," मी जेवताना जाहीर केलं.

"धुळे," बायको म्हणाली. "आणि मी पण येते."

वीस वर्षांत हिने माझ्या नाण्यांबद्दल एकच प्रश्न विचारलेला, तो म्हणजे हे कपाट रिकामं कधी होणार. 

"मनी मायना हार," ती म्हणाली. घरात आम्ही अहिराणीच बोलतो. तिच्या आईचा हार, राणीछाप रुपयांचा. तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि मेहुण्याने स्लॅब टाकायला हार मोडला. धुळ्याच्या एका नाण्यांच्या व्यापाऱ्याला विकला. हिने तेव्हा अवाक्षर काढलं नाही; भावाशी भांडून माहेर तोडायचं नव्हतं तिला. आता त्या व्यापाऱ्याचं नाव तिला माझ्याच मोबाइलवर, निमंत्रणात दिसलं होतं. त्या हारातला एक रुपया तिला हवा होता. एकच.

मी चिडलो. म्हटलं, "अगं, एका साच्यातून निघालेले रुपये ते! तुझ्या आईचा कोणता, हे काय राणी सांगणार आहे?"

मग तिने सांगितलं. हाराच्या रुपयाला कडी लावतात, ती राणीच्या डोक्यावर डाख देऊन जोडतात, म्हणजे समोरच्याला राणी सरळ दिसते. सासूबाईंनी सोनाराकडून कडी राणीच्या गळ्याखाली लावून घेतली होती. गावाला राणी उलटी दिसायची. पण सासूबाईंनी मान खाली घालून हार बघितला की त्यांना सरळ. "हार मी घालते, गाव नाही घालत," असं त्यांचं म्हणणं. अशा बाईच्या मुलीपुढे माझं काय चालणार? शिवराई कपाटात ठेवली.

धुळ्याला व्यापाऱ्याने कडीवाल्या रुपयांचा एक टोपलाच हिच्यापुढे ठेवला. खुर्ची दिली, पाणी दिलं, माणूस भला. ही तासभर एकेक रुपया उचलत होती, कडी बघत होती, बाजूला ठेवत होती. सगळ्या कड्या डोक्यावर. शेवटी मीच व्यापाऱ्याला विचारलं.

"खालून कडी? आले होते की!" तो म्हणाला. "मला वाटलं सोनार चुकला. सगळ्या कड्या काढून टाकल्या मी. उलट्या कडीचा रुपया हारवाले घेत नाहीत, आणि कडीवाला संग्रहवाले."

"मग ते रुपये कुठे गेले?" बायकोने विचारलं.

"नाशिक, नागपूर, सुरत. साहेबांसारखेच नेतात." आणि माझ्याकडे बघून हसला.

परतीची एसटी नवापूरला थांबली. तिथे मी चहाचं विचारलं. "तुम्ही प्या," ती म्हणाली. मी प्यायलो. वाईट होता.

दुसऱ्या दिवशी मी मिलमधून आलो तर माझे अल्बम जमिनीवर उघडे. ती चष्मा लावून एकेका राणीच्या गळ्याखाली बघत होती. कडी काढली तरी डाखाचा डाग राहतो, हे तिला त्या व्यापाऱ्याच्या टोपल्यातल्या एका कडी निखळलेल्या रुपयावरून कळलं होतं.

आता सांगायला लाज वाटते. जुनं नाणं कधी घासायचं नाही, हे संग्राहकांच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बावीस वर्षं कापडावरचे डाग काढणाऱ्या माणसाला डाग बघवत नाही. चांदीचा रुपया आणला की मी तो मिलच्या लॅबमध्ये नेतो, द्रावणात बुडवतो, डाख असला तर बारीक पॉलिश कागदाने घासून काढतो. माझे सगळे रुपये लग्नात आलेल्या भांड्यांसारखे लखलखतात. लोक हसायचे, मी म्हणायचो जळतात मेले. त्या संध्याकाळी पटलं, हसायचे ते बरोबर होतं.

"हे सगळे तुम्हीच घासले?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. मी हातपाय धुऊन आलो, तरी ती बघतच होती. मग एका रुपयावर बोट ठेवलं.

"हाऊच शे."

"कशावरून?"

"मी सांगस ना!"

कुठलं नाणं कुठे घेतलं हे मला पक्कं आठवतं. अंगात एवढा एकच गुण आहे. तो रुपया मी अहमदाबादला घेतला होता, आमची मुलगी दहावीला होती त्या साली. ती पास झाल्याचे पेढे घ्यायला सासूबाई स्वतः आल्या होत्या, गळ्यात अख्खा हार घालून.

मी रुपया अल्बममधून काढून तिच्या हातावर ठेवला. म्हटलं, "हो. हाच असणार."

तिने मूठ मिटली. "आते याले घासू नका," म्हणाली.