दुसऱ्याचा पेपर लिहिताना

“इंग्लिश मीडियमची आहे म्हणे. झेपेल ना हिला?”

दाराशी उभे असलेले पर्यवेक्षक सर शेजारच्या मॅडमना हळूच विचारत होते. मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं असावं. माझ्या बाजूला बसलेल्या मुलीलाही ते ऐकू गेलं होतं. ती जन्मापासून अंध.

“झेपेल सर,” ती म्हणाली. “डोकं माझं आहे. हिचा फक्त हात.”

सर हसले, मीही हसले. खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं.

कल्याणचं एक कॉलेज, टी.वाय.बी.ए.चा इतिहासाचा पेपर. मी एस.वाय.ला होते, तेही कॉमर्सला. अंध विद्यार्थी उत्तरं तोंडी सांगतात आणि कोणीतरी ती लिहून घेतं. त्याला सगळे रायटरच म्हणतात. तिची नेहमीची रायटर आजारी पडली होती. व्हॉट्सअॅपवर तसा मेसेज फिरत आला आणि मी कधी नव्हे ते पटकन हो म्हटलं. मराठी लिहिता येतं का, असं रायटर मिळवून देणाऱ्या समन्वयक मॅडमनी फोनवर विचारलं, त्यालाही हो म्हटलं. अगदीच खोटं नव्हतं. घरी आम्ही मराठीच बोलतो आणि शाळेत मराठी विषय होता. पण चार-पाच ओळींच्या उत्तरापलीकडे मी मराठी कधी लिहिलं नव्हतं.

ती सुंदर बोलायची. वाक्य लांबवर न्यायची आणि कुठेही न अडखळता परत आणायची. पहिल्या पानावरच माझा हात मागे पडला. दोनदा मी तिला परत सांगायला लावलं. तिसऱ्यांदा लाज वाटली. मग ती “लिहिलंस?” म्हणून विचारायची, मी “हो” म्हणायचे आणि जेवढं लक्षात राहिलं असेल त्याचा सारांश लिहायचे. मिठाच्या सत्याग्रहावर ती दहा मिनिटं बोलली. तिचे आजोबा ठाण्याच्या खाडीकडे मिठागरात कामाला होते. मिठावर कर बसला की तो नेमका कोणाच्या ताटापर्यंत पोहोचतो, हे तिने त्यांचं घर डोळ्यांपुढे ठेवून सांगितलं. मी चार ओळी लिहिल्या.

अंध विद्यार्थ्यांना मिळतो तो जास्तीचा तास संपायच्या आधीच पेपर झाला. “पहिल्यांदाच सगळे प्रश्न झाले गं,” असं म्हणून तिने माझा हात दाबला.

त्या दिवशी घरी येताना घोडबंदर रोडला बस तासभर अडकली होती आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढे काय करणार, हा प्रश्न आमच्या घरी आलेला प्रत्येक पाहुणा मला विचारायचा आणि मी पाण्याचे ग्लास उचलून आत जायचे. त्या रात्री जेवताना मीच विषय काढला. मला हेच काम करायचंय, म्हटलं. ग्रॅज्युएशननंतर स्पेशल एज्युकेशनला जाते. बाबांनी आईकडे पाहिलं. मी सलग इतकं बोलले, याचंच त्यांना आश्चर्य वाटलं असावं.

निकाल लागेपर्यंत मी आणखी चार जणांचे पेपर लिहिले. सगळे इंग्रजी. तिथे माझा हात कुठे अडला नाही. समन्वयक मॅडम मला हुकमी रायटर म्हणू लागल्या. नव्या मुलींना शिकवशील का, असंही त्यांनी विचारलं. मला रोज सकाळी उठावंसं वाटत होतं. त्या चार ओळी आठवल्या की मी दुसरं काहीतरी आठवायचे.

मग तिचा फोन आला. बी.एड.साठी पंचेचाळीस टक्के हवे होते, तिला थोडे कमी पडले होते, आणि तेही इतिहासामुळे. तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली होती. “फोन मला सगळं वाचून दाखवतो, पण हाताने लिहिलेलं त्याला येत नाही,” ती म्हणाली. “तुझंच अक्षर आहे. तूच ये.”

विठ्ठलवाडीला त्यांचं दोन खोल्यांचं घर. तिच्या आईने माझ्यापुढे चहा आणि खारी ठेवली. तपासणाऱ्याने पेपर उघडलासुद्धा नसणार, पोरगी वर्षभर घोकत होती, असं त्या सांगत राहिल्या. तिने पेपर तपासणाऱ्या सरांविरुद्ध तक्रारीचा मेल तयार ठेवला होता. माझं वाचून झालं की पाठवणार होती.

प्रत तिच्या मोबाइलवर आली होती, तो मी समोर धरला. पहिलं उत्तर वाचताना माझ्याही नकळत कागदावर नसलेली दोन वाक्यं माझ्या तोंडून गेली. तिची वाक्यं. लिहायची राहिलेली तीच दोन माझ्या डोक्यात बसली होती. ती मान डोलवत होती. मार्क किती दिलेत, तिने विचारलं. पंधरापैकी पाच, मी सांगितलं.

“बघ आई, एवढं लिहून पाच.”

असाच सगळा पेपर वाचून दाखवता आला असता. तिला कधीच कळलं नसतं. ते सर मला माहीत नव्हते, पुढेही कधी भेटले नसते. आणि मी खरं बोलले असते तर मॅडमच्या यादीतून माझं नाव गेलं असतं. मला हवं असं आयुष्यात एकच काही सापडलं होतं, तेही गेलं असतं.

मी पुढचं पान सरकवलं. मिठाचा प्रश्न. चार ओळी आणि खाली मोकळी जागा.

“थांबलीस का? अक्षर लागत नाहीये का?” तिने विचारलं. तिची आई कपबशा उचलता उचलता थांबली.

“लागतंय,” मी म्हटलं. “पण हे तू सांगितलेलं नाहीये. मला मराठी इतक्या भरभर लिहिता येत नव्हतं. तू लिहिलंस का म्हणून विचारायचीस तेव्हा मी नुसतं हो म्हणायचे. तुझं अर्धं बोलणं मी लिहिलंच नाही. सरांनी जेवढं होतं तेवढ्याचे मार्क दिलेत.”