मुक्ता नावाची मुलगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ज्या बाईंनी मला ध्यानाला बसायला शिकवलं त्यांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हीसुद्धा पळवाटच का? असेल. तरी सांगते.

मी समुपदेशक आहे. शहरात गारखेडा भागात माझी एक खोली आहे, तिथं लोक येतात, बोलतात, मी ऐकते. या कामात पडले तेव्हा नुकतंच माझं लग्न मोडलं होतं. भांडण नाही, मारहाण नाही. दोघंही कारकुनांच्या घरातले, समजूतदार. सह्या केल्या आणि आपापल्या रिक्षानं आपापल्या घरी गेलो. मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते — मूल नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षांत मी आतून कोरडी पडत गेले. समोरचा माणूस रडायचा, मी मान हलवायचे, आणि मनात हिशोब चालायचा की आज नळाला पाणी येणार की उद्या. दुष्काळाची वर्षं होती ती. शहरात आठवड्यानं पाणी, खेड्यांत टँकर. आणि तिकडं बीड बायपासला इमारतींवर इमारती चढत होत्या. शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी दहा दिवस मौनात बसून आले. सातव्या दिवशी खूप रडले, कशासाठी ते कळलं नाही. पण परतले ती हलकी होऊन. तेव्हापासून रोज पहाटे बसते. तो रस्ता खरा होता. खोटं जे काही होतं, ते माझं होतं.

गुलमंडीच्या मागं एका धर्मादाय दवाखान्यात मी दर गुरुवारी जायचे. तिथं कौसल्याबाई आल्या. फुलंब्रीकडच्या खेड्यातून नवरा आणि मुलाला घेऊन शहरात आलेल्या, बांधकामावर भिंतींना पाणी मारायच्या कामाला लागलेल्या. आणि त्यांना त्रास होता तो पाण्याचाच. पाइपमधून पाणी सुटल्याचा आवाज आला की छाती धडधडायची, हातातली ताकद जायची. मुकादम म्हणाला, डोक्याच्या डॉक्टरला दाखव. म्हणून आल्या.

चार-पाच गुरुवार त्या नुसत्या पदराचं टोक चाळवत बसल्या. मग एकदा बोलल्या. गावात टँकर यायचा. त्या दिवशी मुलगी तापानं फणफणलेली — सुजाता, तीन वर्षांची. टँकरचा भोंगा वाजला.

"निजली व्हती ओ. म्हनलं, दोन हंडे आनते अन् येते."

रांगेत भांडणं झाली, उशीर लागला. डोक्यावर हंडा घेऊन त्या दारात आल्या, तेव्हा पोर थंड पडली होती. हंडा उतरवायचं भानही त्यांना राहिलं नाही. तशाच उभ्या.

"पान्यासाठी गेले मी," एवढंच त्या परत परत म्हणायच्या.

मी त्यांचं ऐकलं. त्या काळात मनापासून ऐकलेलं बहुधा तेवढंच. वर्षभरानं त्यांचा थरकाप कमी झाला, येणं थांबलं. इथवर माझ्याकडून काही चुकलं नव्हतं.

पुढं मी ध्यानाची शिबिरं घ्यायला लागले. दोन दिवसांची, बायकांसाठी. श्वासाकडं बघा, मनातलं सोडून द्या — सगळं नीट सांगायचे. एका शिबिरात मागच्या रांगेतली एक बाई उठून म्हणाली, "मॅडम, तुमचं काय गेलंय? तुम्हाला सोडा म्हणायला काय जातंय?" हॉलमध्ये खसखस पिकली. तिचं काय चुकलं होतं? सांगण्यासारखं दुःखच नव्हतं माझ्याकडं. आणि मला — कसं सांगू — त्याची लाज वाटली.

मी म्हणाले, मला एक मुलगी होती.

हे माझ्या तोंडून आलं. आधी ठरवलेलं नव्हतं, पण पुढचं सगळं सरळ येत गेलं. मुक्ता, तीन वर्षांची. अंगात ताप. आठ दिवसांनी नळ आला होता, मी खाली हौदावर पाणी भरत होते. वर आले तर — टँकरचा नळ केला, हंड्याची बादली केली. बाकी सगळं कौसल्याबाईंचं, जसंच्या तसं. 'पाण्यासाठी गेले मी' हेही. ती मागची बाई रडत पुढं आली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

मग प्रत्येक शिबिरात सांगत गेले. किती वर्षं? सहा तरी. प्रत्येक वेळी मला खरं रडू यायचं. रडू खरं आहे म्हणजे गोष्टही थोडी माझीच, अशी समजूत मी करून घेतली होती. एका बाईनं एवढं गमावलं, आणि तेही मी तिच्याकडून काढून घेतलं. एरवी मी कुणाचं सुतळीचं टोकही न विचारता घेत नाही.

हर्सूलच्या एका शिबिरात, गोष्ट अर्ध्यावर आली असताना, खिडकीपाशी मला कौसल्याबाई दिसल्या. वस्तीतल्या बायकांबरोबर आल्या होत्या. केस पिकलेले, पण त्याच. त्या एकटक माझ्याकडं बघत होत्या. मी थांबू शकले असते. घसा बसला म्हणाले असते, पाणी मागितलं असतं. मी थांबले नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांची मुलगी पुन्हा मारली आणि तिला माझं म्हटलं.

संपल्यावर त्या आल्या. वाटलं, आता सगळ्यांसमोर बोलतील. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे हात सिमेंटनं खरबरीत झाले होते.

"येवढे दिवस तुमाला माझं सांगत बसले," त्या हळू म्हणाल्या, "अन् तुमचं बी तेच. कधी बोल्ल्या नाय तुमी. लई सोसलं ताई तुमी."

त्यांना संशयसुद्धा आला नाही. मॅडम खोटं बोलेल, हे त्यांच्या मनातच येणं शक्य नव्हतं. तोवर त्या मला मॅडम म्हणायच्या. त्या दिवसापासून ताई.

त्यानंतर ती गोष्ट मी शिबिरात कधी सांगितली नाही. पण कौसल्याबाईंनाही खरं सांगितलं नाही. सुजाता गेली त्या तिथीला त्या दरवर्षी गारखेड्याला यायच्या. भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून आणायच्या. आम्ही दोघी जेवायचो, फार बोलायचो नाही. निघताना त्या माझ्या पाठीवरून हात फिरवायच्या. माझ्या पाठीवरून तसा हात त्याआधी कुणी फिरवला होता, आठवत नाही. तो हात सुटेल, म्हणून मी गप्प राहिले. दुसरं काही कारण नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. मला उशिरा कळलं. भेटायला गेले तो नेमका पौर्णिमेचा दिवस. त्यांचा मुलगा वाळूजला कंपनीत होता, सूनबाई घरी होत्या. फळीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी कौसल्याबाईंचा फोटो. सूनबाईंनी मूर्तीपुढं दोन मेणबत्त्या मांडल्या.

"आत्याबाई दर पौर्णिमेला दोन लावायच्या," त्या म्हणाल्या. "एक आमच्या सुजाताची. एक तुमच्या मुक्ताची. म्हनायच्या, ताई एकटी हाय, तिच्या लेकरासाठी कोन लावनार. आज तुमी आलात, तर तुमची तुमीच लावा."

त्यांनी काडेपेटी पुढं केली. घरात आम्ही दोघीच होतो. सांगायला त्याहून सोपी वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती.

मी काडी ओढली आणि मेणबत्ती लावली. हात जोडले. सूनबाईंनी चहा केला, तो प्यायले, आणि घरी आले.

सूनबाई अजूनही दर पौर्णिमेला दोन मेणबत्त्या लावतात. मी त्यांना काही सांगितलेलं नाही.