जीप आली की पळायचं

कडा गावाच्या अलीकडं पोरींचं एक वसतिगृह हाय, तिथं मी भाकरी थापते. त्याआधी मालकासंगं पंधरा वर्सं उसाला गेले, कंबर गेली तवा कोयता सुटला. नाव रुक्मिणीबाई, पोरी मावशी म्हणतात. माझं तोंड जरा फाटकं हाय, हे आधीच सांगून ठेवते, मागून कुणी नावं ठेवाया नगं.

मी कामाला लागले त्याच साली दीपमाला पहिलीत आली. फासेपारध्याची पोर. बाप नव्हता. आई कडूबाई, गायरानावरच्या चार पालांतल्या एका पालात ऱ्हायची. पोरीला आपली मराठी येत नव्हती, त्यांची बोली येगळी. तिनं तोंड उघडलं की बाकीच्या पोरी दात काढायच्या. आमी मोठी माणसं बी हसलो, खोटं कशाला बोलू. सहा महिन्यांत तिनं ती बोली अशी गिळली की परत वसतिगृहात कुणाच्या कानावर पडली न्हाई. आई भेटाया आली तर गेटाभाईर लिंबाखाली दोघी बसायच्या, हळूहळू बोलायच्या, कुणी जवळ गेलं की गप.

तिच्या पेटीला कुलूप नव्हतं. सगळ्या पोरींच्या पेट्यांना कुलपं, हिची उघडी. एकदा मी इचारलं, "कावून गं, काय चोरीला गेलं म्हंजी?"

"मावशी, कुणाचं काय हरवलं की आधी माझीच पेटी उघडत्यात. कुलूप तोडण्यापेक्षा उघडी बरी."

नऊ वर्सांची व्हती तवा. आन सांगाया लाज वाटती, पर त्याच साली माझी जोडवी हरवली तर मी बी पयली तिचीच पेटी उचकली. जोडवी निघाली पिठाच्या डब्यात. तिनं उचकलेले कपडे घडी घालून परत पेटीत ठिवले. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीला सगळ्या पोरींना न्ह्यायला कुणी ना कुणी यायचं. हिची आई त्या टायमाला सुगीच्या मागं फिरतीवर, पाल कुठं पडलंय कुणाला मालूम न्हाई. मंग एवढ्या मोठ्या इमारतीत आमी दोघीच. पन्नास खाटा रिकाम्या, आन मधल्याच एका खाटंवर ही पुस्तक घेऊन बसलेली. माझ्या खोलीत ये म्हणलं की यायची, जेवायची, ताट घासायची आन परत तिथंच जाऊन बसायची. एवढी एकटी पोर मी न्हाई पाह्यली. मला लई वाईट वाटायचं, पर वाईट वाटून काय करणार, तिची आई थोडीच व्हता येतंय.

बारावीला शहात्तर टक्के पडले. बीडला नर्सिंगला नंबर लागला. आता फकस्त जातीची पडताळणी ऱ्हायलती. म्हंजी ही माणसं खरंच पारधी हायत का न्हाईत, ते सायब लोक घरी येऊन बघणार. देव कोणते, लगीन कसं लावता, बोली कोणती, सगळं लिहून न्हेणार. महिन्याच्या आखरीपतूर तो कागद दिला न्हाई तर जागा दुसऱ्या पोरीला. बारा वर्सं तिनं काढली ती ह्या एका जागेसाठी.

तिनं पालावर जाऊन मुक्काम ठोकला. रोज रस्त्याकडं डोळं लावून बसायची. एक दिवस पांढरी जीप गायरानात शिरली. बायांनी लेकरं काखंला मारली आन समद्या डोंगराकडं पळाल्या. त्यांच्यात हे दुधासंगं पाजलेलं असतंय, जीप दिसली की पळायचं, कोण आलंय ते मागून बघायचं. पर ऐका तर खरं. दीपमाला बी पळाली. जिनं अर्ज केला, जी आठ दिस त्याच जीपची वाट बघत व्हती, ती.

सायबांनी पेटलेल्या चुली पाह्यल्या, माणूस एक न्हाई. पत्त्यावर कोणी राहत नाही, असं लिहून ते निघून गेले.

तिसऱ्या दिशी ती माझ्याकडं आली. मी भाकरी थापत व्हते. ऐकलं आन माझं टकुरंच फिरलं. म्हणलं, "येडे, अक्कल कुठं गेलती? कर न्हाई त्याला डर कशाला?"

"मावशी, मी पळतीय हे मला वढ्याच्या पल्याड गेल्यावर कळलं." मंग म्हणली, "माझ्या मामानं बी काय केलं नव्हतं. तो म्हणला, मी कावून पळू? बसून ऱ्हायला. पोलिसांनी त्यालाच न्हेलं. दीड वर्सानं आला."

तव्यावरची भाकर जळाली, ती मी काढून टाकली. ती म्हण मी परत कुणाला सांगितली न्हाई.

मंग परत अर्ज. तिच्यासंगं मी हापिसात तीन चकरा मारल्या, तिथं नुसतं आंधळं दळतंय कुत्रं पीठ खातंय. मी टेबलाफुडं बूड टेकलं आन म्हणलं, तारीख दिल्याबिगर उठत न्हाई. सव्वीस तारीख दिली. दीपमालानं पालावर सगळ्यांना बसवून समजावलं, जीप यील, पोलीस न्हाईत, पळू नका. सगळ्यांनी मान हालवली. कडूबाईनं पोरीच्या डोस्क्यावर हात ठिवून शपथ घेतली.

सव्वीसला मी सकाळीच गेले. अकराच्या सुमाराला धुरळा उठला आन बघता बघता पालं रिकामी. कडूबाई बी गेली. शपथ घेतलेली बाई, चुलीवर कालवण तसंच टाकून गेली. दीपमालानं पालाची मेढ, म्हंजी मधला खांब, दोन्ही हातांनी आवळून धरलती. मेढ काय सोडली न्हाई.

जीपमधनं दोघं सायब उतरले. मोठा सायब माणूस वाईट नव्हता. त्यानं हिच्याकडं पाह्यलं, दोन येण्या, धुतलेला ड्रेस, साफ मराठी. इचारलं, "तू इथलीच का गं?" हिनं देवाची नावं सांगितली, रीतीभाती सांगितल्या. सायब म्हणला, "हे पाठही करता येतं. तुमच्या बोलीत बोल काहीतरी."

हिनं तोंड उघडलं. काय येईना. कपाळाला घाम, व्हट हालत्यात, शब्द न्हाई. आमी हसलो व्हतो ना पहिलीत, ते आता तिच्या गळ्यात अडकलं व्हतं. मला धरणी पोटात घील तर बरं असं झालं.

"बरं, आईला बोलाव," सायब म्हणला.

हिनं डोंगराकडं बघून हाक मारली, "आई, ये आई". वरच्या बायांनी वळून बी पाह्यलं न्हाई. मराठीतल्या हाकेला त्या कशाला वळतील, पोलीस बी मराठीतच बोलावत्यात. सायबानं पेन खिशाला लावला.

तवा तिनं मेढ सोडली, धावत चार पावलं फुडं गेली आन त्यांच्या बोलीत वराडली. आवाज फाटला पोरीचा. मला त्यातलं अक्षर कळलं न्हाई. सायब जीपच्या दारात थांबला. डोंगरावर एक बाई थांबली, वळली, आन उतराया लागली.

कडूबाई आली ती थेट सायबाफुडं. दोन्ही मनगटं जोडून त्याच्याफुडं धरली. म्हणली, "हिला सोडा सायब. ल्हान हाय. मला न्या."

 सायबानं पेन परत काढला, खाली मातीतच बसला आन लिव्हाया लागला. कागद येळेत निघाला, हे आत्ताच सांगते, उगा जीव टांगणीला नगं.

जीप गेली तरी कडूबाईचे हात तसेच व्हते. ती पोरीला त्यांच्या बोलीत काय तरी इचारीत व्हती, परत परत तेच. दीपमालानं हळू जबाब दिला.

मी म्हणलं, "काय म्हणतीय गं?"

"म्हणतीय, तुला कधी न्हेणार हायत?"

"मंग तू काय सांगितलं?"

"मी सांगितलं, मला कुणी न्हेत न्हाई. मीच चाललेय, शिकाया."

कडूबाई तवापतूर रडली नव्हती. आता ती खाली बसली आन रडाया लागली.