उठवून पाहिल्याशिवाय

माझा धाकटा भाऊ गेला, त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी त्याच्या ऑफिसमधून मला फोन आला. फोन करणारी बाई तिथे वजनकाट्याच्या पावत्या सांभाळते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक काट्यावर चढला की तिच्या समोरच्या पडद्यावर वजन उमटतं आणि पावती निघते. भाऊ आजारी असताना ती घरी येऊन गेली होती. फोनवर ती आधी आईची चौकशी करत राहिली. मग म्हणाली, "ताई, राग मानू नका. इथे सगळे बोलतायत की दादांनी बॅकअप ठेवलाच नव्हता. बाहेरून कानावर येण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. फोन आला तेव्हा परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. हातातलं पुस्तक कुठे ठेवलं ते मला नंतर आठवेना.

तिच्याकडून कळलं ते असं. काट्याच्या पावत्यांचा सगळा हिशेब ज्या मशीनमध्ये होता, ते मशीनच नाहीसं झालं होतं. कुणीतरी जुनं काढून जागा करताना तेही काढून टाकलं होतं. काट्यावर आता कार्बन लावून हाताने पावत्या फाडत होते, आणि ट्रकवाले रस्त्यापर्यंत रांग लावून शिव्या घालत होते. शेठनी सर्वांसमोर म्हटलं होतं की आजारी माणसाला कामावर ठेवल्याचं हे फळ. हिशेबनिसाने त्यावर कामचोर हा शब्द जोडला होता.

भावाचं काम काय होतं ते आमच्या घरात सर्वांना थोडंफार समजायचं, कारण त्याला समजावून सांगायची हौस होती. ऑफिसात लोखंडी पेटीसारखा एक सर्वर होता आणि त्याच्या पोटात पाच-सहा मशीनं. काट्याचं एक, बिलांचं एक, अशी. त्यांना स्वतःचं शरीर नाही. प्रत्येक मशीन म्हणजे खरं तर एक मोठी फाईल, पण काम मात्र पुऱ्या कॉम्प्युटरचं करते. हे त्याने आईला सांगितलं तेव्हा आईने सुपातला निवडलेला तांदूळ बाजूला सारला आणि विचारलं, "म्हंजे तू भुता पाळलीस?" त्यानंतर तो कामावर निघाला की ती म्हणायची, तुजी भुता बरी हायत ना? तो म्हणायचा, हायत, जेवून झोपलीत. आईशी बोलताना तो आमच्या उरणकडच्या गावच्या बोलीत जायचा आणि फोनवर शेठशी बोलताना तिसऱ्याच भाषेत.

शेजारच्या गाळ्यात दुसरा सर्वर होता. पहिल्यावर जे घडेल ते काही मिनिटांत तिकडे जसंच्या तसं उतरायचं. याला ते लोक रेप्लिकेशन म्हणतात. आगीत पहिली पेटी जळाली तर दुसरी उभी. मला ते फार आवडलं होतं. मी म्हटलं, मग तुझं काम संपलंच की. तो हसला. "आरशासमोर उभी राहून वेणी कापलीस, तर आरशातली उरेल का?"

मला मग जुन्या पोथ्या आठवल्या. नक्कल करणारे लेखक शेवटी लिहून ठेवत, की जसं पाहिलं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष माझा नाही. दुसरा सर्वर तसा प्रामाणिक नकलकार होता. मूळ पानावर काट मारली की तोही काट मारणार. म्हणून बॅकअप वेगळा असावा लागतो. मागच्या तारखांच्या प्रती, ज्यांना आज काय पुसलं याचा पत्ता नसतो. भाऊ त्या प्रती सर्वरच्या खोलीतल्या डिस्कांच्या एका वेगळ्या डब्यात ठेवायचा, आणि शिवाय एक डिस्क दर शुक्रवारी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून करंजाड्याला आमच्या घरी आणायचा. ऑफिसला काही झालं तर एक प्रत ऑफिसबाहेर हवी, हा त्याचा नियम. डिस्क माझ्या पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या मागे राहायची.

पण त्याचा खरा हट्ट याच्या पुढचा होता. दर महिन्याला तो बॅकअपमधलं एखादं मशीन एका कोपऱ्यात, बाकीच्यांपासून तोडून, पुन्हा चालू करून बघायचा. रिस्टोर हा शब्द तो कधी वापरत नसे. तो म्हणायचा, उठवलं. आज बिलांचं उठवलं, आज काट्याचं. ऑफिसात त्याला मांत्रिक म्हणत, आणि हिशेबनीस चिडून म्हणायचा की जिवंत माणसांचं काम सोडून हा मढी उठवत बसतो. भावाचं त्यावर एकच उत्तर असे. उठवून पाहिला नाही, तो बॅकअप नव्हे. ती नुसती श्रद्धा.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसाला त्या फोननंतर गप्प बसणं शक्य नव्हतं. घरी मात्र सगळ्यांनी मला तेच सांगितलं: जाऊ दे. चुलत काका म्हणाले, जाऊ दे, मेलेल्या माणसाला काय फरक पडतो. मामा म्हणाले, जाऊ दे, त्यांच्याशी वाकडं घेऊन काय मिळणार. आपल्या भाषेत हे दोन शब्द सांत्वनासाठी किती सहज येतात याचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. ज्याला जायचं होतं तो गेला होता. आणखी काही जाऊ द्यायला मी तयार नव्हते.

मी शेठना फोन केला आणि सांगितलं की डिस्क माझ्याकडे आहे. लगेच ते फार गोड बोलू लागले. तासाभरात त्यांचा ड्रायव्हर दारात. मी त्याला चहा दिला आणि निरोप दिला की डिस्क मी स्वतः घेऊन येईन. ती माझ्यासमोर लावायची, मशीन माझ्यासमोर उठवायचं. आणि ते उठलं, तर ऑफिसातल्या सर्वांसमोर शेठनी सांगायचं की माझ्या भावाने बॅकअप ठेवला होता. ड्रायव्हर भावाला चांगला ओळखायचा. कप खाली ठेवून तो म्हणाला, "एवढं सगळं मी नाय बोलू शकत ताई. तुमीच फोनवर सांगा." मी सांगितलं. शेठ बराच वेळ ऐकून म्हणाले, "पहले चालू तो होने दो."

त्यांनी बाहेरच्या एजन्सीचा इंजिनिअर बोलावला होता. तोही फोनवर आला. अदबीने बोलणारा माणूस. त्याने विचारलं की डिस्क किती दिवस पडून आहे, आणि शेवटची प्रत कधी उठवून पाहिली होती का. मी दिवस मोजून सांगितले आणि दुसरा प्रश्न टाळला. कारण ती प्रत भावाने हॉस्पिटलमध्ये भरती होण्याच्या आधीच्या शुक्रवारी आणली होती. तेव्हा त्याला जिना चढवत नव्हता. ती उठवून पाहायला तो परत ऑफिसात गेलाच नाही.

म्हणजे माझ्या हातात त्याच्याच शब्दांत श्रद्धा होती.

काकूने त्यावर शहाणपणाची वाट सुचवली. डिस्क देऊच नकोस, म्हणाली. आहे, पण देत नाही, असं सांग. न उघडलेल्या डिस्कला कोण खोटं म्हणणार? मी त्यावर रात्रंदिवस विचार केला असं म्हणणार नाही, पण विचार केला. उघडली नाही तर त्याचं नाव कायम संशयाच्या अर्ध्या उजेडात राहील. उघडली आणि ती बिघडलेली निघाली, तर माझ्याच हाताने त्यांचं म्हणणं सिद्ध होईल. आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिचं आयुष्य मिठागरात गेलं, ती फार बोलत नाही. ती म्हणाली, "त्यानं केलेला काम हाय ते. झाकून कनाला ठेवतस, बाय? चोरीचा हाय का?"

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा केली. डिस्क शालीत गुंडाळून मांडीवर घेतली होती, कारण कळंबोलीच्या वळणावर लोखंडाच्या गुंडाळ्या लादलेल्या ट्रेलरांनी रस्त्याची चाळण केली आहे. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हात खाली घालून ती उचलून धरत होते. रिक्षावाल्याने आरशातून पाहून विचारलं, लहान आहे का? मी हो म्हटलं. समजावून सांगण्याची ताकद नव्हती.

सर्वरच्या खोलीत एसीचा गारठा होता. शेठ, हिशेबनीस, इंजिनिअर आणि मी. इंजिनिअरने आधी सगळं तपासलं. दुसऱ्या सर्वरवरूनही मशीन तितकंच स्वच्छ नाहीसं झालं होतं. नकलकाराने आपलं काम चोख केलं होतं. मग त्याने बॅकअपचा डबा उघडला आणि आतली यादी वरून खाली पाहिली. "यात कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आहे," तो म्हणाला. "सगळा भरलाय. बॅकअप होते, ते काढून टाकलेत."

हिशेबनीस भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागला. मग त्याने सांगितलं ते तुटक तुटक. यार्डातून सळ्या चोरीला जात होत्या, कॅमेरे वाढवले, रेकॉर्डिंगला जागा हवी होती. दोन-दोन सर्वर एकसारखे चालू असताना हा तिसरा डबा कशाला, असं त्याला वाटलं. त्याने शेठना विचारलं होतं. शेठ हो म्हणाले होते. भाऊ तेव्हा हॉस्पिटलमध्ये होता.

मी शालीची गाठ सोडली आणि डिस्क टेबलावर ठेवली.

डिस्कला कुलूप होतं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली आणि इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं. मला तो माहीत नव्हता, कधी विचारलाही नव्हता. मी म्हटलं, "पासवर्ड शेठना माहीत आहे. डिस्क आमच्या घरी आणि किल्ली मालकाकडे, असं तो म्हणायचा." शेठ नाही म्हणायला गेले आणि थांबले. मग खुर्ची ओढून पुढे झाले आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहू लागले. तो त्यांच्या पहिल्या ट्रकचा नंबर होता. त्यांनी स्वतः निवडला होता, भावाच्या शेजारी बसून. असली एक डिस्क दर आठवड्याला बाहेर जाते हे त्यांना ठाऊक होतं, आणि आता त्यांना ते आठवतही होतं. चौकट उघडली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगण्यासारखं काही नाही. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती. कुणीतरी वडापाव आणले, मी खाल्ला नाही. पट्टी भरली. इंजिनिअर म्हणाला की आधी याला बाकीच्यांपासून तोडून उठवू, म्हणजे बिघडलेलं असलं तरी दुसऱ्यांना त्रास नको. मी मान हलवली. पडदा काळा झाला. काळाच राहिला. त्या काळ्या पडद्यासमोर मला पक्कं कळलं की मी इथे मशीनसाठी आलेले नाही, आणि ज्याच्यासाठी आले आहे त्याला कोणत्याही तारखेच्या प्रतीतून कुणी उठवणार नाही. तरीही मला हे मशीन उठलेलं हवं होतं. दात-ओठ खाऊन हवं होतं.

ते उठलं. इंजिनिअरने काट्यावरच्या बाईला बोलावलं. तिने आपल्या सवयीने पावत्यांचं पान उघडलं, शेवटपर्यंत गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "ही माझी. या गाडीवाल्याशी माझं भांडण झालं होतं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "त्या शुक्रवारपर्यंतचं सगळं आहे, ताई." नंतरचे आठवडे नव्हते. ते भावाचे नव्हतेच.

शेठ उठले, चला, काम झालं म्हणाले. मी उठले नाही. मी त्यांना त्यांचा शब्द आठवून दिला. ते म्हणाले, ताई, आदमी चला गया, आता कशाला? मी म्हटलं, "गेला म्हणूनच. असता तर त्याने स्वतः सांगितलं असतं."

बाहेरच्या मोठ्या खोलीत सगळे आपापल्या टेबलांशी होते. काट्यावरचे दोघं-तिघंही दारात येऊन उभे राहिले होते. शेठ मधोमध उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "सगळ्यांनी ऐका. भाऊने बॅकअप ठेवला होता. इथला चुकून पुसला गेला."

माझं सगळं शिक्षण भाषेचं आहे. त्या वाक्यात पुसणारा माणूस नव्हता. वाक्य नीट होतं, व्याकरणात बसत होतं, आणि त्यातून करणारा अलगद निसटला होता. भावाच्या बाबतीत मात्र ते कर्ता विसरले नव्हते. तेव्हा वाक्य स्पष्ट होतं: त्याने ठेवला नाही.

"पुसला गेला नाही," मी म्हटलं. माझा आवाज लहान आहे, ग्रंथालयाने तो आणखी लहान केलाय. पण सगळ्यांना ऐकू गेला. "कुणी पुसला, ते सांगा."

हिशेबनीस म्हणाला, अहो मॅडम, झालं ना आता. शेठनी त्याला हातानेच थांबवलं. खाली फरशीकडे पाहत म्हणाले, "आपण पुसला. मी हो म्हटलं होतं. भाऊची चूक नव्हती."

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एक फोन वाजत होता तो कुणीतरी उचलला.

घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. तिने मशीनचं काही विचारलं नाही.

"बोलला?"

"बोलला."

"सगल्यांच्या म्होरं?"

"हो. सगळ्यांसमोर."

"मोठ्यानं?"

मी जरा विचार केला. "पहिल्यांदा बारीक बोलला. मग मी पुन्हा बोलायला लावलं."

तिने मान डोलावली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत जाऊन चुलत काकांना फोन लावायला सांगितलं. त्यांना मी काही सांगायचं नव्हतं. ती स्वतः सांगणार होती.