लॅबच्या मशीनचं उत्तर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पेणहून रोज एसटीने रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला जायचे. गेटजवळच्या ऑफिसात बसून कंपनीतले पाच कॉम्प्युटर चालू आहेत का, ते पाहणं हे माझं काम. पिंग नावाची कमांड द्यायची. पलीकडचं मशीन चालू असलं की स्क्रीनवर उत्तराची ओळ उमटायची.

लॅबमधल्या ताई माझ्याच बसने यायच्या. धरमतरच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबलेल्या घरातल्या.

एका दुपारी भोंगा वाजला. प्लांटमध्ये व्हॉल्व्ह गळत होता आणि वारा लॅबच्या बाजूला वाहत होता. सगळे गेटवर जमले, हजेरी झाली, एक माणूस कमी भरलं. ताई. इंटरकॉम नुसता वाजत राहिला. त्या मागच्या गेटने गेल्या असतील, असं कुणीतरी म्हणालं. मास्क दोनच होते. ते घालून माणसं व्हॉल्व्हकडे पाठवायची की लॅबकडे, हे सेफ्टी ऑफिसरना ठरवता येईना.

ऑफिसात शिरून मी लॅबच्या मशीनला पिंग लावलं. उत्तरं येत होती. त्यातून मशीन चालू आहे एवढंच कळत होतं, तरी मी हलले नाही.

मग उत्तरं थांबली.

केबल तुटली असती तर सगळीच मशीनं गप्प झाली असती, कारण एकच केबल सगळ्यांतून फिरलेली होती. वीज गेली म्हणावं, तर लॅबच्याच लाइनवरचं स्टोअरचं मशीन उत्तर देत होतं.

मी बाहेर सेफ्टी ऑफिसरकडे धावले. "साहेब, लॅबचं मशीन आत्ता कुणीतरी हाताने बंद केलंय. आत माणूस आहे."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. खरं तर मशीन आपोआपही बंद पडतं, हे मला ठाऊक होतं.

मास्कवाले लॅबकडे गेले. त्यांनी ताईंना दोन्ही बाजूंनी धरून आणलं. डोळे लालभडक, तोंडावर ओला ॲप्रन. दाराबाहेरच गॅस दाटल्यामुळे त्या आतल्या खोलीत कोंडून घेऊन बसल्या होत्या; इंटरकॉम बाहेर दाराशीच राहिला होता. ठिणगी उडू नये म्हणून, गॅस आत वाढण्याआधीच तिथलं एकेक बटण बंद करत गेल्या होत्या.

व्हॉल्व्ह मात्र तेवढा वेळ जास्त गळला. त्याचा जाब साहेबांना द्यावा लागला. त्यांनी माझं नाव कुठेही घेतलं नाही.

दवाखान्यात मी ताईंना सांगून टाकलं की मला नक्की माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, "कुणी येईल ही माझी खात्री तर कधीच सुटली होती गो."