आईंनी बेतलेली बोट

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी लग्न होऊन नाशिकरोडच्या घरात आले, तेव्हा माझे सासरे नुकतेच रेल्वेतून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी त्यांनी मनमाडला डिझेल इंजिनांच्या कामात काढली. आठवडाभर तिकडे खोलीवर राहायचं आणि सुटीला घरी यायचं, असा त्यांचा क्रम होता. सासूबाई इकडे मुलांना वाढवत पुढच्या खोलीत शिवणक्लास चालवायच्या. निवृत्तीनंतर दोघं पहिल्यांदाच रोज एका घरात राहू लागले आणि ते दोघांनाही जड जात होतं. बाबांच्या हाताला काम नव्हतं. मग ते क्लास चालू असताना येऊन मशिनला तेल घालायचे, पट्टा घट्ट करायचे. क्लासच्या मुली अवघडून बसायच्या आणि आई बाबांकडे नुसतं बघायच्या.

अशात बाबा एकदा दिंडोरीकडे मित्राच्या द्राक्षबागेत म्हणून गेले आणि संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोट घालून आले. फायबरची, पाच-सहा माणसं बसतील एवढी, मागे इंजिन लावायची. मित्रानं कधीकाळी हौसेनं घेतली होती, पण ती पाण्यात गेलीच नाही. विहिरीजवळ पडून राहिली आणि मग गडी तिच्यात फवारणीचं औषध कालवायला लागले. आतून ती मोरचुदानं निळी-हिरवी झाली होती. मित्र म्हणाला होता, "लय मजबूत हाय. पाण्याचा थेंब गळत नाय. न्या."

बाबांनी जेवताना आम्हाला गंभीरपणे समजावलं की ज्या बोटीतलं पाणी बाहेर जात नाही, तिच्यात बाहेरचं पाणी आत येणार नाही. माझे यजमान हसू दाबत खाली मान घालून जेवत राहिले. आईंनी एवढंच विचारलं, की आता कपडे कुठे वाळत घालायचे. घराच्या बाजूची सगळी मोकळी जागा बोटीनं व्यापली होती.

बोट धुतल्यावर तिची खरी अवस्था कळली. वरच्या रंगाखाली बारीक चिरांचं जाळं होतं. तळातलं प्लायवूड कुजून काळं पडलं होतं, हातानं ओढलं तर भुगा यायचा. सातपूरला कूलरच्या बॉडी आणि पाण्याच्या टाक्या बनवणारा एक छोटा कारखाना होता. त्याच्या मालकानं बाबांना रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर आणि काचेच्या तंतूंची मॅट दिली. मॅट अंथरायची, हार्डनर मिसळलेलं रेझिन ब्रशनं त्यात जिरवायचं आणि रोलर फिरवून हवा काढायची, एवढं त्यानं करून दाखवलं.

पाहताना सोपं वाटलं तरी बाबांचा जन्म लोखंडात गेला होता. लोखंड जास्त झालं तर कानस मारता येते, चुकलं तर पुन्हा जोडता येतं. इथे हातात आधी कापड असायचं आणि बघता बघता त्याचा दगड व्हायचा. उन्हाळ्यात तर रेझिन मगातच घट्ट होऊन धुरायचं. पुढच्या निमुळत्या गोलाईवर मॅट बसेचना, सुरकुत्या पडून खाली हवा राहायची. त्या वासानं शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मग बाबांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलं, डोळे लाल झाले. डॉक्टरांनी रेझिनजवळ जायचंच नाही म्हणून बजावलं. बाबांनी बोटीवर ताडपत्री टाकली आणि ते व्हरांड्यात पेपर घेऊन बसू लागले.

एका शनिवारी मी ऑफिसमधून लवकर घरी आले, तर ताडपत्री बाजूला काढलेली. आई साडीचा पदर खोचून बोटीपाशी उभ्या होत्या, तोंडात टाचण्या, हातात जुने पेपर. बोटीच्या नाकाडावर त्या पेपर टाचत होत्या, चिमटे घेत होत्या, पेन्सिलनं खुणा करत होत्या. क्लासमध्ये ब्लाउजचं कागदी कटिंग करतात तसंच.

"ही गोलाई आहे ना," त्या मला म्हणाल्या, "छातीच्या गोलाईसारखीच आहे. टक्स घातल्याशिवाय कापड बसायचं नाही."

बाबा व्हरांड्यातून बघत होते. ते उठले, जवळ आले आणि कागदाचं वरचं टोक धरून उभे राहिले.

मग दोघं स्कूटरवरून ते कागद घेऊन सातपूरला गेले. मालकानं बेतलेलं सगळं नीट पाहिलं. बेत चोख आहे म्हणाला, फक्त मॅटच्या कडा कात्रीनं कापायच्या नाहीत, हातानं फाडायच्या. फाडलेले तंतू एकमेकांत मिसळतात, जोड वर दिसत नाही. हे मात्र आईंना पचायला अवघड गेलं. सुटे धागे राहिले की त्या मुलींकडून सगळी शिवण उसवून घ्यायच्या. घरी आल्यावर एक तुकडा हातात धरून त्या बराच वेळ बसून होत्या. शेवटी फाडला. यजमानांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि सातपूरहून आणलेला मास्क असा वेष करून त्यांनी सकाळच्या गारव्यात पहिला थर दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा हात धरून बोटीवरून फिरवला आणि जोड कुठे आहे ते सांग म्हणाल्या. मला सांगता आलं नाही. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

एक प्रसंग मात्र कठीण गेला. इंजिन ज्या मागच्या फळीवर लटकतं, ती फळी बाबांनी आजारी पडण्यापूर्वीच घरातल्या प्लायवूडची बनवून बसवली होती. आई तिच्यावर कात्रीच्या मुठीनं वाजवत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. आवाज पोकळ येत होता. त्यांनी आधी मला सांगितलं. मी म्हटलं, राहू द्या आई, त्यांना वाईट वाटेल. त्या म्हणाल्या, वाईट वाटेलच, पण उद्या पाण्यात इंजिन सुटून पडलं तर?

त्यांनी बाबांना हाक मारली. "अहो, जरा इकडे या. इथे वाजवून बघा."

बाबांनी वाजवलं. शेजारी वाजवलं, पुन्हा तिथेच वाजवलं. मग ते आत निघून गेले. दोन-तीन दिवस ते आईंशी बोलले नाहीत. चहा हवा असला तरी माझ्यामार्फत निरोप. आईंनीही समजूत घातली नाही. मग एका सकाळी करवतीच्या आवाजानं मला जाग आली. बाबा हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून स्वतःच ती फळी कापून काढत होते. वखारीतून चांगलं वाळलेलं लाकूड आणून त्यांनी नवी फळी इतकी नेमकी तासली, की ती बसवताना ठोकावी लागली नाही. वरचे थर आईंनी दिले.

तेव्हापासून वाटणी ठरली. लाकूड, लोखंड बाबांचं, रेझिन आईंचं. आई थर देत असताना बाबा वाऱ्याच्या उलट्या बाजूला, फाटकाजवळ स्टूल टाकून हातात घड्याळ घेऊन बसायचे आणि रेझिन घट्ट व्हायला किती वेळ उरला ते तिथून सांगायचे. घरात इतका अबोला असणारी ही दोन माणसं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागली.

मित्राच्या पंपाच्या खोलीत पडलेलं बोटीचं इंजिनही आलं. त्यात उंदरांनी घर केलं होतं. बाबांनी ते ओट्यावर सुटं केलं, एकेक भाग शिवणक्लासच्या चिंध्यांनी पुसून परत जोडला. पाण्याच्या पिंपात ठेवून सुरू केलं तेव्हा पाणी उडून मुलींच्या सायकली भिजल्या. पुरळ उठलेले ते हात इंजिनावर किती हलके चालतात, हे मी तेव्हा पाहिलं. मला पहिल्यांदाच वाटलं, मनमाडला इतकी वर्षं हे काय करत होते ते घरात कोणाला कधी कळलंच नव्हतं. आईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या क्लास सोडून दारात उभ्या होत्या.

धरणात बोट चालवायच्या परवानगीसाठी बाबांनी सरकारी ऑफिसात बऱ्याच चकरा मारल्या. पाऊस संपल्यावर एका रविवारी त्याच मित्राच्या ट्रॉलीतून बोट गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर नेली. आईंना पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती होती. मी काठावरून बघते म्हणाल्या. बाबांनी आग्रह केला नाही.

"तू बसली नाहीस तर पाणी कुठून येतंय ते मला कोण सांगणार?" एवढंच म्हणाले.

आई लाइफ जॅकेट घालून बसल्या. मी आणि यजमान मागे. इंजिन सुरू झालं, काठ लांब गेला. आजूबाजूला डोंगर होते, पाण्यावर पक्षी होते, पण आईंची नजर तळावरून हलली नाही. एका हातानं त्यांनी कड घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हातानं जोडांवरून बोटं फिरवत होत्या. मधोमध आल्यावर बाबांनी इंजिन बंद केलं. एकदम सगळं शांत झालं.

"ऐक," बाबा म्हणाले.

"काय?"

"काहीच नाही. कुठेही थेंबाचा आवाज नाही."

आईंनी वर बघितलं. मग सावकाश कडेवरचा हात सोडला आणि मांडीवर ठेवला.

पुढे बरेच हिवाळे ती बोट चालली. आईंकडे लोक फुटक्या टाक्या, कूलर, गाड्यांचे मडगार्ड घेऊन यायला लागले. क्लासमधल्या दोन मुलींनी हे काम शिकून घेतलं आणि त्यातली एक पुढे सातपूरच्या त्याच कारखान्यात लागली. बाबांचे गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी बोट धरणाकाठच्या मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबाला देऊन टाकली. त्या दिवशी बाबा त्या माणसाला इंजिन समजावत होते आणि आई त्याच्या बायकोला, दगडांवरून ओढू नका, तळाला ओरखडा दिसला की लगेच कळवा, म्हणून सांगत होत्या. दोघांनाही घरी यायची घाई नव्हती. आम्ही गाडीजवळ थांबलो होतो आणि त्यांचं बोलणं संपायची वाट पाहत होतो.